कोपऱ्यातला नॉब

गुंडातलं पाणी थरथरायला लागलं की मी समजतो, लगनसराई आली. पंचांग आमच्या घरात नाही, त्याची गरजही पडत नाही. सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, पितळेचा गुंड ठेवलेला असतो. दुपारच्या वेळी त्यात डोकावलं तर पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात आणि काठाला जाऊन मिटतात. म्हणजे गावात कुठंतरी डीजेची गाडी उभी झाली. मग ती धडधड पायाखालून वर येते आणि छातीत बसते. सून म्हणते, "मामाजी, मांडणीवरचे पेले वाजून राहिले." वाजत असतील. मी पाण्याकडं पाहतो.

यंदाही मोहाची फुलं तशीच गळली. आता झाडाखाली वास तेवढा उरला आहे, आंबूस-गोड, दुपारी डोक्यात चढणारा. उन्हाळी धान मोटारीच्या पाण्यावर हिरवं उभं आहे, आणि त्याच्या पलीकडं बोडी, म्हणजे आमचं गावाबाहेरचं लहान तळं, आटून मधोमध डबक्याएवढं झालं आहे. मोहाडीच्या रस्त्यानं पिकअप गाड्या धूळ उडवत जातात, पाठीवर काळ्या पेट्यांची उतरंड. मोहाच्या वासानं लोकांना काय काय आठवत असेल. मला एक नॉब आठवतो.

माझं शिक्षण चौथी, तीही पुरी नाही. पण या चार-पाच गावांत मला माईकवाले बाबा म्हणतात आणि ते नाव मी कमावलेलं आहे. लहानपणी आंधळगावात एका विणकराच्या घरी कांड्या भरायला जात होतो. चार माग एका खोलीत चालायचे. मी पाठ करून बसलेला असायचो आणि सांगायचो, तिसऱ्या मागावर धागा तुटला. मालक आधी हसला. मग उठून पाहू लागला. मग पाहायचंही सोडून दिलं, मी म्हटलं की माग थांबवायचा. त्याच्या घरचे म्हणायचे, या पोट्ट्याचे कान मांजरीचे आहेत. पुढं मोठा झाल्यावर माईक घेतला. सायकल, बॅटरी, ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे. आंब्याच्या फांदीवर भोंगा बांधायचा, गाण्याचा तवा लावायचा, आणि सायकल काढून थेट बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जायचं. पाळीवर उभं राहून ऐकायचं. मांडवात कोणी कागदावरून पाहुण्यांची नावं वाचत असलं तर ती नावं पाळीवर समजली पाहिजेत. नुसता गलका आला तर परत जायचं, ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, थोडा चढवायचा, पुन्हा पाळीवर यायचं. तीन-तीन चकरा व्हायच्या. मोठा आवाज कोणीही काढतो. समजणारा आवाज काढायला पाळीवर जावं लागतं. हे मला कोणी शिकवलं नाही.

मी सांगतो आहे तो उन्हाळा तीन वर्षांमागचा. माझा मुलगा मिलिंद, दोन लेकरांचा बाप, त्यानं त्या वर्षी दुकानातली नोकरी सोडली आणि डीजे सुरू केला. एक लॅपटॉप आणला आणि त्याला जोडायचं एक चपटं मशीन आणलं, ज्यावर नॉबच नॉब. फागुनभर तो सपरीत ते घेऊन बसायचा. माझे भोंगे वर आढ्याला टांगलेले होते. त्यांच्या खाली हा बसायचा.

"हे काय करून राहिला?" मी विचारलं.

"इक्वलायझर लावून राहिलो बाबा. बेस कुठपर्यंत धराचा आन् ट्रेबल कुठून धराचा, ते याले सांगा लागते."

त्यानं मला सेटिंगचं पान दाखवलं. दोन पट्ट्या होत्या. एक सरकवली की जाड आवाजाची हद्द हलायची, दुसरी सरकवली की बारीक आवाजाची. मधे उरेल तो माणसाचा गळा. बांध सरकवून शेत कमीजास्त करतात, तसा प्रकार.

"आन् हे तुले कोणं सांगतलं, कुठपर्यंत धराचा ते?"

"व्हिडिओत सांगतलं."

"त्या व्हिडिओवाल्यानं आपली बोडी पाह्यली काय?"

आतून सुजाता हसली. सुजाता माझी सून. हसली ते मला दिसलं, दारातून.

मिलिंद चिडला नाही. चिडणं त्याच्यात नाही, ते आईचं घेतलं आहे. त्यानं मला दोन गाणी एकात एक कशी घालतात ते दाखवलं. एक गाणं चालू असतं. दुसरं आतल्या आत सुरू करायचं, एका कानावर हेडफोन लावून. मग पहिल्याचा बेस काढून घ्यायचा आणि दुसऱ्याचा सोडायचा. "दोघाचा बेस एका टाइमाले चालत नाई बाबा. चिखल होते. पयल्याचा काढून घ्या लागते, मंग दुसरा उभा राह्यते." त्याची दोन बोटं पाहिली. एक खाली येत होतं तेव्हाच दुसरं वर जात होतं. नाचणाऱ्याला समजत नाही म्हणे, पहिलं गाणं केव्हा संपलं.

हात चांगला आहे त्याचा. पण मला ते आवडलं नाही. गाणं संपलं तर संपलं असं समजलं पाहिजे. सुई उचलली की खर्र व्हायचं, मांडवात क्षणभर शांत व्हायचं, म्हातारी माणसं म्हणायची, लाव ना गा आता दुसरं. आता कोणाला म्हणावंच लागत नाही.

आठ दिवस आम्ही त्या दोन पट्ट्यांवरून भांडलो. शेवटी तो म्हणाला, "ठीक हाये बाबा, वरचा आवाज तुमी लावा." मी डोळे मिटले. आवाज लावताना मी डोळे मिटतो, पहिल्यापासून. डोळे उघडे असले की माणूस डोळ्यांनी ऐकतो. आवाज मला फिका लागत होता, मीठ विसरलेल्या वरणासारखा. बाईचा गळा गोधडीखालून गात असल्यासारखा. मी नॉब चढवला. अजून चढवला.

"बाबा, जास्त होते."

"तुह्या कानाले दिवसभर ते झाकण. तुले काय समजते?"

मी चढवत गेलो, गळ्याला धार येईपर्यंत. डोळे उघडले तेव्हा सुजाता शेळी सोडून मागच्या वाडीत नेत होती. मला वाटलं, चारायला नेते आहे.

आंधळगावचं लग्न सकाळचं होतं, विहाराच्या पटांगणात. चैत नुकताच लागलेला, ऊन अजून डोक्यावर नव्हतं. मी मिलिंदला बजावून ठेवलं होतं, माझ्या नॉबला हात लावायचा नाही. त्यानं लावला नाही. नवरीकडचे पाहुणे खुर्च्यांवर बसत होते. पहिलं गाणं सुरू झालं.

मला काही वेगळं ऐकू आलं नाही, हीच तर गोष्ट आहे. मला ते गाणं मस्त लागलं. बाईचा गळा समोर उभा असल्यासारखा. मग मी माणसांकडं पाहिलं. पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं दोन्ही हातांनी पदर कानावर दाबला. एका बाईच्या कडेवरचं लेकरू तोंड पसरून रडत होतं, लाल झालं होतं, आणि त्याचं रडणं मला ऐकू येत नव्हतं. लोक खुर्च्या मागं सरकवत होते. नवरीचा मामा, जाडा माणूस, नवीन पांढरा सदरा, माझ्यासमोर येऊन उभा झाला.

"ओ माईकवाले बाबा, पोरीचं लगन लावाले आलो आमी. कानाचे पडदे फाडाले नाई."

मी मिलिंदकडं वळलो. साऱ्या पटांगणासमोर म्हणालो, "तुले सांगतलं होतं ना, वायर खराब हाये म्हणून? अक्कल नाई तुले."

वायरीबद्दल मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. वायर नवीन होती, मीच जोडली होती. मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं, मग मामाकडं. "माहीच चूक झाली मामाजी. पाच मिनिटं." आणि त्यानं हात पुढं करून माझा नॉब खाली आणला.

त्या क्षणी माझ्यासाठी गाणं मेलं. गोधडी पडली. आणि त्याच क्षणी म्हातारीनं कानावरचा पदर सोडला, लेकराचं तोंड मिटलं, मामा मागं वळला. मी पिकअपच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. लग्न लागलं, लोक जेवले, मी उतरलो नाही. मिलिंदनं ताट आणून दिलं. वायरीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या केबिनमध्ये बसून मी मोजायला लागलो. सायकलची घंटी शेवटची केव्हा ऐकली होती? कुकरची शिट्टी? भाताला शिट्टी होते तेव्हा सुजाता उठते, मी तिचं उठणं पाहतो. पावसाळ्यात बोडीच्या काठी किडे किर्र करतात, ते दोन वर्षांपासून गप्प होते. मला वाटलं होतं, फवारणीनं मेले. हे मी चार लोकांना सांगितलंही होतं, आणि त्यांनी हो म्हटलं होतं. मच्छर चावायचा, वाजायचा नाही. लग्नात कागदावरून नावं वाचतात ती मी ओठांवरून ओळखत होतो आणि म्हणत होतो, ऐकलं. आवाज एकदम गेला असता तर माणूस ओरडला असता. हे वरून एक-एक पापुद्रा निघाल्यासारखं गेलं. उरली ती धडधड.

मिलिंद म्हणाला, भंडाऱ्याला जाऊन कान तपासू. "आता बारीक मशीन भेटते बाबा, कानात बसवली तर दिसत बी नाई." मी म्हटलं, कानात दाणा घालून आवाज लावणारा माणूस तू पाहिला काय? त्यानं विषय सोडला.

मग एक दिवस त्यानं मशीन माझ्यासमोर ठेवलं. उजव्या कोपऱ्यात वर एक नॉब होता, त्याला लाल टेप गुंडाळलेली.

"बाबा, झालं ते झालं. शेवटचा हात तुमचाच पायजे. हा नॉब तुमचा. याले मी बी हात लावणार नाई. पूर्ण सेट झालं की शेवटी तुमी या आन् लावून द्या."

मी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस लावले. पण आतून मी केव्हाच हो म्हटलं होतं.

तो उन्हाळा मग माझा झाला. गाडीत पुढच्या सीटवर मी. मांडवात पोचलं की मिलिंद पेट्या रचायचा, वायरी जोडायचा, आणि मग सगळ्यांसमोर हाक द्यायचा, "बाबा, या." मी काठी टेकत जायचो. डोळे मिटून लाल नॉब थोडा इकडं, थोडा तिकडं. घाई नाही. मग चालत गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जायचो, पाळ असेल तिथं पाळीवर, उभा राहायचो, परत यायचो आणि पुन्हा एक केसभर फिरवायचो. आणि आवाज चांगला लागत होता. लोक सांगायचे. दिघोरीकडच्या एका लग्नात तर नवरदेवाच्या बापानं माझा हात हातात घेतला. "असा साफ आवाज आमच्याकडं कोणाचा नाई बाबा." मोहाडीच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसून मी सांगत होतो, पोट्ट्याले मशीन समजते, आवाज नाई समजत. आवाज मीच लावतो. टपरीवाला मान हलवायचा. आता वाटतं, त्यालाही माहीत असेल काय? गावात अशी गोष्ट लपते थोडीच.

आंधळगावचं मी मनातून पुसून टाकलं होतं. वायरच खराब असेल, असं मला स्वतःलाही वाटू लागलं होतं.

वैशाखातली दुपार. आमच्याच सपरीत. दुसऱ्या दिवशी लग्न होतं म्हणून मिलिंदनं सगळं लावून ठेवलं होतं आणि मला नॉबवर बसवून तो अंगणात गाडी धुवायला गेला. मी डोळे मिटले आणि फिरवू लागलो. कपाळावरून घाम आला आणि डोळ्यात गेला. झोंबलं. डोळे पुसून उघडले तर समोर लॅपटॉप. हिवाळ्यात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नजर स्वच्छ होती. मशीनवर जसे नॉब तसेच पडद्यावर नॉब काढलेले, आणि मिलिंद हातातला फिरवायचा तेव्हा चित्रातला फिरायचा, हे मी बाजूनं कित्येकदा पाहिलं होतं. मी माझा नॉब फिरवला. चित्रातले सगळे नॉब जिथल्या तिथं. पुरा उजवीकडं नेला. पुरा डावीकडं. काही नाही. मग शेजारचा, मिलिंदचा, बोटानं जरासा हलवला. चित्रातला लगेच हलला.

मी दोनदा करून पाहिलं. मशीन खराब असेल म्हणून तिसऱ्यांदा केलं. कोणता नॉब काय करील हे सेटिंगमध्ये ठरवता येतं, हे मिलिंदनंच मला फागुनात सांगितलं होतं. आणि काहीच करणार नाही, हेही ठरवता येतं.

वायर न कापता माणूस कापता येतो, एवढं ते मशीन हुशार आहे.

"काय झालं बाबा?" त्यानं अंगणातून विचारलं. हातात फडकं.

"काई नाई. जरासा कमी केला."

त्यानं कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "हो. फरक पडला."

त्यानं तोंडावर सांगितलं असतं, बाबा, तुमाले आयकू येत नाई, तर काय झालं असतं? मी पंधरा दिवस त्याच्या घरात जेवलो नसतो. ते त्याला माहीत होतं. म्हणून एवढा खटाटोप. हे मी समजतो. पण त्या खटाटोपाच्या मुळाशी एक खात्री होती, की नॉब जिवंत आहे की मेलेला, यातला फरक या म्हाताऱ्याला ऐकून कळणार नाही. आणि ती बरोबर निघाली. अख्खा उन्हाळा बरोबर निघाली. अपमान केला असता तर मी भांडलो असतो. त्यानं माझा मान राखला, त्याच्याशी भांडू कसा? दिघोरीकडच्या त्या माणसानं धरलेला हात मला त्या दुपारी परत करावासा वाटला.

मी सांगितलं नाही. माझाही हट्ट आहे. तो नॉब फिरवायला हाक देतो, मी जातो. दोन वर्षं गेलो. डोळे मिटतो, थोडा इकडं, थोडा तिकडं. तो म्हणतो, जमलं. तो समजतो की मला माहीत नाही. मला माहीत आहे की तो तसं समजतो. सुजाताला दोघांचं माहीत असावं. त्या वेळी ती घरात काहीतरी काम काढते.

यंदा मिलिंदनं नवीन मशीन आणलं. मोठं, जुन्याच्या दीडपट. काल दुपारी सपरीत मांडलं. मी बाहेरून आलो तर गाणं सुरू होतं, मिलिंद गाडीपाशी दोरखंड सोडवत होता, सुजाता उंबऱ्याशी बसून सुपात तांदूळ निवडत होती. मशीनच्या उजव्या कोपऱ्यात नॉब होता आणि त्याला लाल टेप लावून झाली होती. मी बसलो. मला कोणी हाक दिली नव्हती. या खेपेला डोळे उघडे ठेवले आणि फिरवला.

चित्रातला फिरला.

मी हात काढून घेतला. पुन्हा ठेवला. डावीकडं, डावीकडं गेला. उजवीकडं, उजवीकडं. माझ्या बोटांबरोबर, जसाच्या तसा. मला वाटलं, यंदा पोरानं खरा दिला. का दिला ते विचारायचं नाही, असंही ठरवून टाकलं. आणि मी चढवू लागलो, हळूहळू, गोधडीखालचा तो गळा वर येईपर्यंत. येत होता. काय सांगू, येत होता.

सुजाताच्या हातातलं सूप पडलं. तिनं दोन्ही तळवे कानांवर दाबले. मिलिंद दोरखंड टाकून पळत आला आणि माझ्या हातावरून हात घालून आवाज बंद केला.

"थांबा बाबा. सेटिंग राह्यली अजून."

"कोणती सेटिंग?"

तो धापा टाकत होता. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "तुमच्या नॉबची. नवीन मशीन हाये ना. जोडा लागते."

सपरीभर तांदूळ सांडले होते. सुजाता ते गोळा करत होती, मान खाली घालून, एक-एक दाणा उचलत असल्यासारखी.

"जोड मंग," मी म्हणालो. "झालं की हाक दे."

मी मोहाखाली जाऊन बसलो. तिथून तो दिसत होता. लॅपटॉपवर वाकला, दोन-तीनदा बोट आपटलं. तेवढंच काम होतं. मग गाणं सुरू झालं आणि त्यानं हाक दिली, नेहमीसारखी, "बाबा, या."

मी गेलो, बसलो आणि डोळे मिटले. नॉब उजवीकडं नेला, आंधळगावच्या लग्नाआधी नेला होता तिथपर्यंत, आणि त्याच्याही पुढं, तो अडून थांबेपर्यंत पुरा पिळला. मग डोळे उघडून सुजाताकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात कानाकडं गेला नाही.

"कसा हाये?" मी विचारलं.

"आता जमलं बाबा," मिलिंद म्हणाला. "एकदम साफ."

मी काठी घेतली आणि आवाज कुठवर पोचतो ते ऐकायला पाळीकडं निघालो.